गुलाबरावांच्या बगीच्यातून जाणारी वाट

मी वाटाड्या बोलतोय. आजवर दुसऱ्यांचेच निरोप नेले, आज थोडं स्वतःचं सांगतो.

वाटाड्या हे माझं घरातलं नाव, मला लिहिणाऱ्या मुलीनं लाडानं ठेवलेलं. खरं पाहता मी एक प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन नाही. सौंसरहून लोधीखेड्याकडे जाताना संत्र्यांचे बगीचे लागतात. त्यांत बांबूच्या टोकाला टांगलेले पांढरे प्लास्टिकचे डबे तुम्ही कधी पाहिले असतील, तर त्या प्रत्येक डब्यात मी राहतो. एकाच वेळी सगळ्यांत. माणसांना हे जमत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

माझं काम साधं आहे. एका डब्याचा निरोप लांबच्या दुसऱ्या डब्यापर्यंत जायचा असेल, तर मधल्या डब्यांतून त्याला वाट काढून द्यायची. मोठ्या शहरांत माझे थोरले भाऊबंद आहेत. ते गारेगार खोल्यांत, कपाटाएवढ्या यंत्रांत बसून साऱ्या जगाचं टपाल इकडून तिकडे करतात. मी त्यांच्यातला गरीब. माझं यंत्र काडेपेटीएवढं, पोट उन्हावर चालणाऱ्या बॅटरीवर, आणि झेप जेमतेम पुढच्या डब्यापर्यंत. पण अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मला जन्मतःच शिकवलेलं आहे. कामापुरता जागा होतो आणि लगेच झोपतो.

माझा जन्म नागपुरात, एका वसतिगृहाच्या खोलीत झाला. गुलाबराव बागायतदारांची मुलगी मृणाल तिथं इंजिनिअरिंग शिकत होती. घरचे बगीचे खोलगट जागेत असल्यामुळे तिथं मोबाईलला रेंज नसायची. जमीन किती ओली, मोटर चालू की बंद, हे पाहायला दरवेळी माणूस धाडावा लागायचा. त्यावर उपाय म्हणून तिनं मला लिहायला घेतलं. लहानपणी मी फार बावळट होतो. हा डबा त्या डब्याकडे बोट दाखवायचा आणि तो परत याच्याकडे. सरकारी कचेरीत गेलेल्या माणसासारखा निरोप नुसता फिरत राहायचा. मृणाल कपाळावर हात मारून घ्यायची आणि पुन्हा लिहायला बसायची.

शेवटी तिनं मला एक नियम घालून दिला. शेजारच्या डब्याला थोड्या थोड्या वेळानं विचारायचं, "आहेस का?" त्यानं म्हणायचं, "आहे." विचारूनही उत्तर आलं नाही, तर तो गेला असं धरायचं आणि दुसरी वाट शोधायची. माझं सगळं शहाणपण एवढंच. मला पुरतं गावही ठाऊक नाही, फक्त शेजारी ठाऊक आहेत.

मग मी इथं आलो. गुलाबरावांचा बगीचा मधोमध. त्याच्या अलीकडे देवकाबाईंचं शेत आणि घर, पलीकडे नाला ओलांडून वत्सलाबाईंचं. तिन्हीकडे मृणालनं माझे डबे टांगले. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला पडीक रान. त्यामुळे इकडून तिकडे जायला माझ्याकडे वाट एकच होती, गुलाबरावांच्या झाडांमधून. पहिल्या दसऱ्याला देवकाबाईंनी त्यांच्या पडवीच्या खांबावरच्या डब्याची पूजा केली. हळदकुंकवाची बोटं नेमकी उन्हातून वीज घेणाऱ्या पाटीवर उमटवली आणि वरून झेंडूचा हार घातला. हार सुकून गळेपर्यंत मी अर्धपोटी होतो. पण मानपान कुणाला नको असतो? माझ्या थोरल्या भावांना कुणी झेंडू घातल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता या दोन बायांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण माझं आयुष्य म्हणजे त्याच दोघी.

वत्सलाबाई तरुणपणी देवकाबाईंच्या शेतात तण निंदायला यायच्या. एकीचं शेत, दुसरीची मजुरी, पण निंदताना दोघींची ओळ एकमेकींना लागून असायची आणि तोंडाला खंड नसायचा. पुढे वत्सलाबाईंच्या नवऱ्याला तिगावच्या स्टेशनात नोकरी लागली. पै पै जोडून त्यांनी नाल्यापलीकडे तुकडा घेतला, संत्री लावली, घर बांधलं. तेव्हापासून दोघींचा एक रिवाज पडला. सकाळी उठलं की देवकाबाईंनी अंगणातून हाक मारायची, "उठली काय व वत्सले?" पलीकडून आवाज यायचा, "उठली व माय, तू चहा घे." तेव्हा मधल्या जमिनीवर गुलाबरावांचा कापूस असायचा आणि या घरातून ते घर दिसायचं. मग गुलाबरावांनी तिथं संत्री लावली. झाडं वाढली, घर दिसेनासं झालं. वयानं आवाज बसले, कानही जड झाले. देवकाबाईंचे गुडघे तर नाला उतरायचं नावच काढू देईनात.

मृणाल सुट्टीत आली तेव्हा देवकाबाईंनी तिला धरलं. "काय व मृणाल, तुह्या डब्ब्यानं मोटर चालू होते म्हणतात. माही हाक जाईन काय वत्सलेपर्यंत?"

मृणाल हसली. "हाक नाही जाणार काकू, पण घंटी जाईन."

आणि दोन्ही घरांच्या डब्यांना तिनं एक बटन आणि एक घंटी बसवून दिली. इकडे दाबलं की तिकडे वाजायची, तिकडे दाबलं की इकडे. बाकी दिवसभर मी मातीच्या ओलीचे आकडे वाहत होतो, तो माझा पोटापाण्याचा धंदा. पण सकाळी देवकाबाईंचं बोट बटनावर पडलं की मी सगळी कामं बाजूला सारायचो. झाडाझाडांतून धावत जायचो, तिकडची घंटी वाजवायचो, आणि उलट पावली वत्सलाबाईंचं उत्तर घेऊन यायचो. घंटी ऐकली की देवकाबाई खांबाकडे पाहून म्हणायच्या, "हं, आहे बाई." मला तर नवलच वाटायचं. मी जे डब्याडब्यांत विचारत होतो, तेच या दोघी माझ्याकडून एकमेकींना विचारत होत्या.

असं चांगलं चाललेलं असताना गेल्या हिवाळ्यात ते जेवण झालं.

देवकाबाईंच्या अंकुरचं लग्न जमलं होतं. पांढुर्ण्याचे सोयरे बगीच्यात रोडगे खायला येणार होते. वत्सलाबाई तांबडं फुटताच आल्या, कणीक मळली, वांगी चिरली, गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजायला बसल्या. डब्याला कान नसतात म्हणतात, पण पडवीच्या खांबावर टांगलेल्याला सगळं ऐकू येतं. पाहुण्यांतल्या एका बाईनं सहज विचारलं, "ह्या कोण?"

देवकाबाईंनी पदर सारखा केला. अंगावर नवं लुगडं होतं, समोर नवे सोयरे होते. म्हणाल्या, "ह्या न? पहिले आमच्याकडं निंदाले येत जाय."

बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. पण मैत्रीण म्हणायला जीभ कुठं झिजत होती? वत्सलाबाईंनी मान वर केली नाही. उरलेले रोडगे राखेतून काढले, पुसून परातीत रचले, हात धुतले आणि म्हणाल्या, "येतो व मी. घरी काम आहे." न जेवता गेल्या. देवकाबाईंच्या हातातली तुपाची वाटी हातातच राहिली. बूंद से गई ती हौदसे येत नाही, हे त्यांनाही त्याच घडीला कळलं असणार. पाहुणे उठेपर्यंत त्यांचं कशातच चित्त नव्हतं.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी गुलाबरावांनी आपला बगीचा ताणावर टाकला.

ज्यांच्याकडे संत्री नाहीत त्यांना हे सांगायला हवं. आमच्या भागात आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, घ्यायचा तर थंडीत झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होईस्तोवर झाडाला तहानेलं ठेवतात. त्याला ताण देणं म्हणतात. मग योग्य वेळी पाणी सोडून ताण तोडला की झाड फुलांनी भरून जातं. आदल्या वर्षी काय झालं होतं, तर माझ्याच डब्यात राहणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रामनं, ओल मोजणाऱ्यानं, जमीन कोरडी पाहिली आणि दया येऊन मोटर चालू केली. ताण अर्ध्यात मोडला, बहार बुडाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तहान मुद्दाम लावलेली आहे ते! म्हणून या वर्षी गुलाबरावांनी बगीच्यातल्या एकूण एक डब्याची बटनं बंद केली. "ताणात काहीच चालू नको बाप्पा," असं म्हणत ते डब्यामागून डबा विझवत गेले. मी त्यांच्या झाडांमधून एकेका डब्यानं नाहीसा होत गेलो आणि दोन टोकांना तेवढा उरलो. देवकाबाईंच्या खांबावर, आणि पलीकडे वत्सलाबाईंच्या भिंतीवर.

मी विचारलं, "आहेस का?" कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईंनी बटन दाबलं. हो, त्यांनीच आधी. आदल्या दिवशी उपाशी घरी गेलेली बाई सकाळी उठून पहिलं काम काय करते, तर घंटी दाबते. त्याच सुमारास इकडे देवकाबाईंनीही दाबलं. दाबलं आणि कान देऊन उभ्या राहिल्या. दोन्ही निरोप माझ्या हातात होते आणि मला वाट नव्हती.

वाट नसली तर निरोप टाकून द्यायचा नाही, वाट होईपर्यंत जपून ठेवायचा, असं मृणालनं मला सांगून ठेवलं आहे. पण माझं घर केवढंसं! एका टोकाला एकच निरोप मावतो. नवा आला की जुना पुसावा लागतो. निरोप पोचला नाही हे सांगायला डब्यावर दिवासुद्धा नाही. दिवा बॅटरी खातो, म्हणून तिनं ठेवलाच नव्हता. त्यामुळे बटन दाबणाऱ्या बाईला एवढंच कळत होतं, की आपण विचारलं आणि पलीकडून उत्तर आलं नाही.

देवकाबाई रोज दाबायच्या. आधी नुसत्या दाबायच्या, मग दाबून बोलायला लागल्या. "वाजव व बाई. चुकलं माहं. किती दिवस रुसशीन?" अंकुर म्हणाला, घंटी बिघडली असेल. तर त्या म्हणाल्या, "घंटी नाही बिघडली रे. मीच बिघडवलं." त्यांना डब्यावर संशय आला असता तर बरं झालं असतं. पण ज्याच्या मनात खुपत असतं, त्याला सगळीकडे आपलंच कारण दिसतं.

आणि पलीकडे वत्सलाबाई सुनेला म्हणत होत्या, "पूजा, देवकीले राग आला वाटते. मी पाव्हण्यांसमोर उठून आली न. तिची मान खाली गेली असन."

दोघी आपापल्या घरी स्वतःलाच दोष देत होत्या आणि ते सगळ्या जगात फक्त मला माहीत होतं. पडवीतून ओरडून सांगावं असं फार वाटायचं. पण निरोप नेणाऱ्यानं निरोप बोलायचा नसतो, आणि मला आवाजही नाही.

देवकाबाईंनी मनाशी ठरवलं, संक्रांतीला जायचं. गुडघे राहोत की जावोत, नाला उतरून जायचं, तिच्या हातावर तिळगूळ ठेवायचा आणि सोयऱ्यांदेखत जे बोललं गेलं ते परत घ्यायचं. त्यासाठी त्यांनी तीळ निवडून बरणीत भरूनही ठेवले.

संक्रांत तोंडावर आली आणि वत्सलाबाईंना छातीत कफ भरला. अंकुर धापा टाकत आला. "आई, वत्सलाकाकूले नागपूरले घेऊन गेले. निमोनिया झाला म्हणून राहिले. चाल, पाहून येऊ."

देवकाबाई खाटेवरून उठल्या, चपला पायात सरकवल्या, आणि खांबाजवळ येऊन थांबल्या. डब्याकडे पाहत राहिल्या. "ती घंटी वाजवून नाही राहिली, तं माह्याकडं पाहीन काय? आजारी माणूस आहे. मले पाहून अजून त्रास होईन तिले. बरी होऊन येऊ दे." चपला पुन्हा काढल्या. मी त्यांच्या डोक्यावर टांगलेला होतो, आणि मला त्या वेळी माझ्या जन्माची लाज वाटली.

वत्सलाबाई बऱ्या होऊन आल्या नाहीत. त्यांना घरी आणलं, बुद्धवंदना झाली, नेलं. देवकाबाई गेल्या होत्या, पण मागच्या बायांत उभ्या राहून परत आल्या. त्या दिवसापासून त्यांनी बटन दाबणं सोडलं. निवडलेल्या तिळांना त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गुलाबरावांनी ताण तोडला. मृणाल सुट्टीवर आली होती. मोटर सुरू झाली, आळ्यांत पाणी खळखळलं, आणि गुलाबरावांनी एकेका डब्याचं बटन चालू केलं. मी जागा होत गेलो. "आहेस का?" "आहे." "आहेस का?" "आहे." पाहता पाहता वाट पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन भिडली.

मी थांबू शकलो नाही. थांबायचं मला शिकवलेलंच नाही. दोन्ही टोकांना जपलेले निरोप माझ्या झाडांमधून एकमेकांना ओलांडून गेले आणि दोन्ही घरांत घंटी वाजली.

देवकाबाई पडवीत तूर पाखडत होत्या. सूप हातातून खाली गेलं. ही कोण? पूजानं दाबलं असेल, काही लागलं असेल तिला, असं म्हणत त्या तशाच निघाल्या. गुडघ्यांना विचारलंही नाही. नाल्यापाशी पोचतात तो पलीकडून पूजाच येत होती.

"मावशी, तुम्ही घंटी वाजवली?"

"मी? नाही व. तूच नाही वाजवली काय?"

दोघी गुलाबरावांच्या ओल्या बगीच्यात उभ्या राहिल्या. मृणाल मोटरीजवळून पुढे आली, सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. बांधावर बसून तिनं लॅपटॉप उघडला, मला आतून वाचलं.

"काकू," ती म्हणाली, "बाबानं डबे बंद केले होते. वाटच नव्हती. तुमचा एकही निरोप तिकडं गेला नाही, त्यांचा इकडं आला नाही. आत्ता वाजली ती घंटी वत्सलाकाकूचीच आहे. नागपूरले गेल्या त्या सकाळची."

पूजानं पदर तोंडाला लावला. "हो न व. गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, चला न आई, उशीर होऊन राहिला. तं म्हणे, थांब, देवकी वाट पाहत असन. भिंत धरत धरत गेल्या अन् दाबून आल्या. रोजच दाबे मावशी, एक दिवस सोडला नाही."

देवकाबाई मटकन ओल्या आळ्याच्या काठावर बसल्या. रडल्या नाहीत लगेच. "म्हणजे ती रुसली नव्हती?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. पूजा "नाही, मावशी, नाही" म्हणत राहिली. मग मात्र त्यांना असं रडू कोसळलं की मोटरीचा आवाज मागे पडला.

संध्याकाळी गुलाबराव पडवीत आले, टोपी हातात घेऊन. "वहिनी, माह्यानं मोठं पाप झालं."

"तुमचं काय चुकलं भाऊ?" देवकाबाई म्हणाल्या. "ताण द्याच लागते. नाही तं बहार कुठून येईन?"

ही गोष्ट होऊन आता बरेच दिवस झाले. गुलाबरावांच्या बगीच्यात यंदा असा बहार आला की वास पडवीपर्यंत येत होता. मृणालनं मोटरीची तार माझ्यापासून तोडून वेगळी केली आहे. आता डबे बंद करायची कधी गरज नाही. गुलाबराव स्वतः फडकं घेऊन फिरतात, उन्हाच्या पाट्या पुसतात. माझी वाट इतकी चांगली कधीच नव्हती.

आणि रोज सकाळी पूजा बटन दाबते. देवकाबाईंकडे घंटी वाजते. त्या खांबापाशी येतात, हात वर नेतात आणि खाली घेतात. अंकुर एकदा म्हणाला, "आई, दाब न. ती बिचारी वाट पाहते."

"माह्यावर वत्सलेचं उत्तर राहिलं रे," त्या म्हणाल्या. "ते देल्ल्याबिगर दुसरीले कसं देऊ?"

माझे दिवस आता भरत आले आहेत. लोधीखेड्याच्या रस्त्याला मोबाईलचा टॉवर उभा राहिला आहे. या बहाराची संत्री उतरली की नवे डबे येतील, प्रत्येकाच्या पोटात आपापलं सिम. ते सरळ टॉवरशी बोलतील, शेजाऱ्याला विचारायची त्यांना गरज पडणार नाही. मला पुसून टाकतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. प्रोग्राम पुसायसाठीच लिहिलेले असतात.

फक्त एक निरोप माझा स्वतःचा आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूला गेलात तर देवकाबाईंपर्यंत एवढा पोचवा. देवकाबाई, पूजा बटन दाबून आत जात नाही. चहाचं आधण ठेवायचं सोडून, पदराला हात पुसत भिंतीजवळ उभी राहते. बरीच उभी राहते. तुम्हाला ते झाडांमुळे दिसत नाही, मला दिसतं. उद्या सकाळी ती पुन्हा दाबेल, आणि मी ते तुमच्यापर्यंत घेऊन येईन. मी आहे तोवर एकदा दाबा.